घोडा कुणाचा, पायरी कुणाची : बारगीर, शिलेदार आणि ड्रेसाज

१९४८ सालचे लंडन ऑलिंपिक. अश्वारोहणातील ड्रेसाज या प्रकाराचे सांघिक सुवर्णपदक स्वीडनने पटकावले. त्यांच्या तीन स्वारांपैकी एक होता गेहनॅल पर्सन. स्वीडिश सैन्यातला हा सार्जंट स्पर्धेच्या तोंडावर एकाएकी लेफ्टनंट झाला. स्पर्धा आटोपली, पदक मिळाले आणि काही आठवड्यांतच लेफ्टनंटसाहेब पुन्हा सार्जंट झाले.

पुढच्या वर्षी हे प्रकरण उजेडात आले. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने पर्सनला अपात्र ठरवले आणि स्वीडनचे सुवर्ण फ्रान्सकडे गेले. घोड्याने चूक केली नव्हती, स्वारानेही नाही. नियमच असा होता की सैन्यातला स्वार असेल तर तो कमिशन मिळालेला अधिकारीच हवा. पर्सनची मांड पक्की होती. खांद्यावरची पट्टी तेवढी कमी पडली.

हा धागा त्या पट्टीविषयी आहे. अश्वारोहणात वरची पायरी कोण चढू शकतो, हा प्रश्न युरोपइतकाच मराठी मुलखातही जुना आहे आणि मराठी भाषेने त्यासाठी दोन नेमके शब्द घडवून ठेवले आहेत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

नवीन पनवेलच्या सेक्टरांमधून आज घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. पूर्वेकडे माथेरानच्या डोंगरावर मोटारींना मज्जाव असल्याने तिथे तो अजून रोजच्या कामात आहे, एवढेच. पण खाडीकाठचे जुने पनवेल हे एकेकाळी मुंबई-पुणे वाटेवरचे नाके होते. मुंबईहून मचव्याने पनवेल बंदरात उतरायचे आणि तिथून घोड्यावर, पालखीत किंवा पायी बोरघाट गाठायचा, असा तो प्रवास. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली. ती कल्याण-कर्जतमार्गे गेली आणि पनवेलची वर्दळ ओसरली. त्याआधी या वाटेने घाट चढणाऱ्या घोडेस्वारांना एक प्रश्न हमखास लागू पडे : घोडा स्वतःचा की सरकारचा?

त्या उत्तरावर स्वाराचे नाव ठरे. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा आणि हत्यार स्वतःचे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. आज वर्तमानपत्रांत 'नेत्याचा विश्वासू शिलेदार' असे लिहिताना घोड्याची आठवण कुणालाच होत नाही. 'एकांडा शिलेदार' या शब्दप्रयोगातला तो स्वार तर खरोखर एकटा असे : कोणत्याही पथकात न मोडणारा, आपला एक घोडा घेऊन आलेला.

शिवकालीन पागेची उतरंड सभासदाच्या बखरीत तपशिलाने येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली ही बखर आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवाले मिळून एक जुमला. जुमलेदाराला सालिना पाचशे होन आणि पालखीचा मान. दहा जुमल्यांवर हजारी, त्याला हजार होन. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, त्याला दोन हजार. सर्वांवर सरनोबत. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पगाराच्या आकड्यांपेक्षा ही शेवटची ओळ अधिक बोलकी वाटते, कारण पाणी आणि नाल यांची सोय घोड्यागणिक मोजणारे राज्य घोड्याचा सांभाळ ही स्वतःची जबाबदारी मानत होते.

या उतरंडीत एक गोष्ट उघड आहे. बारगिराला घोडा विकत घ्यायचा नव्हता. लढाईत घोडा पडला तर नुकसान पागेचे. ज्याच्याकडे मांड आणि हिंमत आहे, पण घोड्याइतका पैसा नाही, त्याला या शिडीवर पाय ठेवता येत होता. शिलेदारांपेक्षा पागेचे बळ वरचढ राखावे, असे धोरण सभासद सांगतो. त्यामागे शिस्तीचा हेतू होताच. स्वतःचा घोडा असलेला माणूस स्वतःच्या मर्जीचाही असतो.

शिलेदाराचे गणित निराळे. घोडा हीच त्याची पुंजी. ती वाढली तर एकाचे दहा घोडे होत आणि दहा बारगीर त्याच्या नावावर चाकरी करत. घोडा मेला तर शिलेदार एका दिवसात पायउतार. हा शब्दप्रयोग आपण मंत्र्यांसाठी वापरतो. शिलेदारासाठी तो शब्दशः खरा होता.

या शिडीवरून फार उंच गेलेले उदाहरण म्हणजे मल्हारराव होळकर. जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लवकर गेले आणि मुलगा खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढला. बारगळांचे पथक सरदार कदमबांडे यांच्या चाकरीत होते. मल्हाररावांची घोड्यावरची उमेदवारी तिथली. पुढे ते पहिल्या बाजीरावाच्या सेवेत आले आणि माळव्यात त्यांनी जे उभे केले त्याचे नाव इंदूर. (इंदूर लक्षात ठेवावे, धाग्यात पुन्हा येणार आहे.) तळोदे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत अजून घोड्यांचा मोठा बाजार भरतो.

इंग्रजांनी ही पद्धत मोडली नाही, उचलली. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने उभे राहिलेले घोडदळ पुढे 'पूना हॉर्स' या नावाने प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात हिंदी घोडदळाचा मोठा भाग 'सिलादार' पद्धतीवर चालला : भरती होणाऱ्याने घोडा आणावा किंवा त्यापोटी रक्कम भरावी. स्वाराच्या त्या जागेला 'असामी' म्हणत. असामी विकली जाई, विकत घेतली जाई. एकेका देशी अधिकाऱ्याच्या नावावर अनेक असाम्या असत आणि त्यांच्या घोड्यांवर बसत ते बारगीर. शब्द मराठी पागेतलाच, फक्त मालक सरकारऐवजी सावकार झालेला. पहिल्या महायुद्धात परदेशातल्या आघाड्यांवर मेलेले घोडे स्वाराच्या ठेवीतून भरून काढणे अशक्य ठरले आणि ही पद्धत मोडीत निघाली.

आता ड्रेसाजकडे. शब्द फ्रेंच, अर्थ 'तालीम'. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब रिंगणात घोडा आणि स्वार ठरलेल्या हालचाली ठरलेल्या जागी करून दाखवतात. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, बेरीज टक्क्यांत. उडी नाही, शर्यत नाही. प्रथमच पाहणाऱ्याला वाटते की घोडा आपोआप चालला आहे आणि माणूस नुसता बसला आहे. तसे वाटणे हीच त्या स्वाराची पावती.

विद्या जुनी आहे. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने लिहिले की घोडा धाकाने नव्हे तर समजुतीने शिकवावा. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे आणि त्यात घोड्याच्या चालींचे प्रकार व पोटप्रकार मोजून दिले आहेत. अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना 'धारा' म्हटले आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त अश्वक्रीडेचे सविस्तर वर्णन येते, म्हणजे दख्खनच्या दरबारातही रिंगणातला घोडा हा कौतुकाचा विषय होता.

मराठीत घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. आणि एक शब्द तर थबकायला लावणारा आहे : कावा. घोड्याला वर्तुळात फिरवण्याच्या तालमीला कावा म्हणत. 'गनिमी कावा' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे डोंगर आणि छापा येतो, पण त्या शब्दाच्या एका अर्थात एक चाबूकस्वार मैदानात उभा आहे आणि घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो आहे. ड्रेसाजचा प्रत्येक विद्यार्थी, तो हॅनोव्हरचा असो की महालक्ष्मीचा, पहिला धडा याच वर्तुळात गिरवतो.

अर्थात मराठी तालमीचे आणि युरोपीय तालमीचे ध्येय एक नव्हते. भीमथडीच्या काटक, लहान चणीच्या घोड्याकडून दिवसभराची मजल हवी होती. लांबलचक पल्ला, थोडा चारा, झटपट वळण. व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या घोड्याकडून संयम हवा होता. स्पॅनिश रायडिंग स्कूलची पहिली नोंद १५७२ ची. तिथे पुढे जी पद्धत रुजली तिचा आधार फ्रेंच अश्वगुरू ला गेरिनिएर. त्याचा ग्रंथ १७३३ चा. त्या वर्षी इकडे बाजीरावाची घोडदळे मजला मारत होती. एकाच पशूकडून दोन संस्कृतींनी दोन टोकांच्या गोष्टी मागितल्या.

आजच्या ड्रेसाजच्या आंतरराष्ट्रीय शिडीवर पहिली महत्त्वाची पायरी 'प्री सेंट जॉर्ज'. तिच्या वर इंटरमीडिएट एक, मग इंटरमीडिएट दोन, आणि माथ्यावर ग्राँ प्री. ऑलिंपिक फक्त ग्राँ प्रीवर होते. पायऱ्यांमधला फरक एका हालचालीवरून समजतो. कँटर म्हणजे दौडीची आवरलेली चाल. तिच्यात घोड्याचा एका बाजूचा पाय आघाडीला असतो. धावता धावता, चाल न मोडता, ही आघाडी डावीकडून उजवीकडे बदलायची. प्री सेंट जॉर्जमध्ये हा बदल दर चौथ्या आणि दर तिसऱ्या पावलाला मागतात. इंटरमीडिएट एकमध्ये दर दुसऱ्या पावलापर्यंत येतात. ग्राँ प्रीत तो प्रत्येक पावलाला, सलग पंधरा वेळा. घोडा तेव्हा उड्या मारत नाचल्यासारखा दिसतो. एखादा बदल चुकला तर पाचही पंचांना दिसतो.

ग्राँ प्रीत आणखी दोन कठीण गोष्टी आहेत : पियाफ, म्हणजे जवळजवळ एकाच जागी उचललेली दुडकी, आणि पॅसाज, म्हणजे हवेत क्षणभर लोंबकळत पुढे सरकणारी संथ दुडकी. यांसाठी घोड्याला आपले वजन मागच्या पायांवर घ्यावे लागते. ते बळ वर्षानुवर्षांच्या व्यायामाने येते, म्हणूनच प्री सेंट जॉर्जसाठी घोडा किमान सात वर्षांचा आणि ग्राँ प्रीसाठी आठ वर्षांचा असावा असा नियम आहे. आणि घोडे पेंड खाते ते इथेच. पायरी एकटा स्वार चढत नाही, जोडी चढते. ज्याला शिकलेला घोडा मिळाला त्याला तो घोडाच शिकवतो. ज्याला कोरा घोडा मिळाला त्याची कैक वर्षे त्या घोड्याला घडवण्यात जातात, आणि घोडा जायबंदी झाला किंवा विकला गेला तर स्वार पुन्हा खाली. शिलेदाराचे जुने गणितच हे.

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज १९१२ साली, स्टॉकहोमला आले. तेव्हा ती घोडदळाच्या अधिकाऱ्याची परीक्षा होती. घोडा सांगितलेले ऐकतो की नाही हे पाहण्यासाठी अडथळ्यांवरून उड्याही होत्या. तिन्ही पदके स्वीडनच्या अधिकाऱ्यांनी घेतली. रौप्यविजेता होता गुस्टाफ आडोल्फ बोल्टनस्टर्न. १९४८ मध्ये पर्सनच्या बरोबरीने ज्या संघाने सुवर्ण कमावले आणि गमावले, त्यात याच बोल्टनस्टर्नचा मुलगा होता. बापाकडून मुलाकडे घोडे आले, रिंगण आले, हुद्दाही आला. सार्जंट पर्सनकडे यातले काय होते? फक्त मांड.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून ड्रेसाजचे दार बिगर-अधिकाऱ्यांना, नागरिकांना आणि स्त्रियांना उघडले. स्वीडनने तोच संघ उतरवला : साँ सीर, बोल्टनस्टर्न आणि पर्सन. सुवर्ण. १९५६ मध्ये पुन्हा तेच तिघे, पुन्हा सुवर्ण. या वेळी पर्सनला कुणी बढती दिली नाही, कुणी उतरवलेही नाही.

हेलसिंकीला वैयक्तिक रौप्य डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना मिळाले. १९४४ साली पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे झाले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणूस लागे. वर बसल्या की ज्युबिली ही घोडी आणि त्या, दोघींचे दोघींना कळे. लष्करी हुद्द्याच्या अटीने चार वर्षांपूर्वी कुणाकुणाला दाराबाहेर ठेवले होते, ते त्या एका निकालातून कळते.

भारतात हे दार उघडण्याची तऱ्हा वेगळी. स्वातंत्र्यानंतर अश्वारोहण बहुतांशी लष्कराच्या हाती राहिले. संस्थानांची घोडदळे मिळून ६१ कॅव्हलरी झाली, मुक्काम जयपूर. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासूनचा अमॅच्युअर रायडर्स क्लब होता, पण आंतरराष्ट्रीय संघ म्हटला की गणवेश डोळ्यांपुढे येई.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला. इव्हेंटिंग हा तीन भागांचा प्रकार. त्याचा पहिला भाग ड्रेसाजच असतो. त्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवले रघुबीर सिंग यांनी. हुद्दा : दफेदार. म्हणजे पायदळातला हवालदार, युरोपात ज्याला सार्जंट म्हणतील तो. रौप्यपदक त्यांच्या मागे राहिलेल्या जी. एम. खान या अधिकाऱ्याचे. लंडनमध्ये ज्या हुद्द्यामुळे सुवर्ण गेले, दिल्लीत तोच हुद्दा सुवर्णावर उभा होता आणि अधिकारी एक पायरी खाली. घोडा सरकारी. जुन्या हिशेबाने रघुबीर सिंग हे बारगीरच. त्यांना पुढच्या वर्षी पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये सोलला भारताने ड्रेसाजचे सांघिक कांस्य मिळवले आणि मग या प्रकारात तीन तपांहून अधिक काळ शांतता.

ती मोडली २६ सप्टेंबर २०२३ रोजी, हांगझोऊला. पायरी होती प्री सेंट जॉर्ज. कोलकात्याचा अनुष अगरवाला एट्रोवर ७१.०८८, मुंबईचा हृदय छेडा एमराल्डवर ६९.९४१, जयपूरची दिव्यकृती सिंग अ‍ॅड्रेनालिन फिरफोडवर ६८.१७६. चौथी स्वार सुदीप्ती हजेला, चिन्स्कीवर; ती इंदूरची, मल्हाररावांच्या इंदूरची. पहिल्या तिघांचे गुण धरले जातात. बेरीज २०९.२०५ आणि सुवर्ण. अश्वारोहणात भारताला हे सुवर्ण ४१ वर्षांनी मिळाले. दोन दिवसांनी अनुषने वैयक्तिक कांस्यही घेतले.

चौघांपैकी एकाच्याही अंगावर लष्कराचा गणवेश नव्हता. पण चौघांचेही घोडे युरोपातून विमानाने चीनला आले होते आणि चौघांची तालीम युरोपात झाली होती. भारतात राहणारा घोडा स्पर्धेसाठी चीनला जाऊच शकत नव्हता, कारण घोड्यांच्या रोगांबाबत भारतातून थेट प्रवेश मिळण्याची व्यवस्था नव्हती. हुद्द्याची अट गेली आणि तिच्या जागी दुसरी, कुठल्याही नियमपुस्तकात नसलेली अट आली : घोडा स्वतःचा हवा, तो परदेशात हवा, आणि त्याच्यामागे स्वारही परदेशात हवा. चौघांच्या कष्टाला यामुळे कमीपणा येत नाही. कुटुंबापासून दूर, तबेल्यात पहाटे उठून घालवलेली ती वर्षे आहेत. पण हे चौघे शिलेदार होते, आणि शिलेदार होण्याइतका पैसा फार थोड्या घरांत असतो. नवीन पनवेलच्या एखाद्या मुलीने उद्या या खेळाचा ध्यास घेतला तर तिला गुणांच्या आधी या अटीला तोंड द्यावे लागेल.

पायरी चढणे किती अवघड, हे पुढच्याच वर्षी दिसले. भारताला पॅरिस ऑलिंपिकमधील ड्रेसाजची जागा प्रथमच मिळाली, ती अनुषने एट्रोवर केलेल्या कामगिरीमुळे. प्रत्यक्ष पॅरिसला त्याने घोडा बदलला : सर कारामेलो ओल्ड. व्हर्सायच्या बागेत, ग्राँ प्रीच्या पायरीवर, त्याला ६६.४४४ गुण मिळाले आणि तो पुढच्या फेरीत गेला नाही. ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणून त्याचे नाव राहिले. हांगझोऊच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून काहींनी नाके मुरडली. त्यांनी दोन वेगळ्या पायऱ्यांचे गुण एका तराजूत घातले होते.

जुलै २०२५ मध्ये एक छोटी बातमी आली, क्रीडापानावर नव्हे. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातील एका आवाराला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त म्हणून मान्यता दिली. भारतातले असे हे पहिलेच ठिकाण. तिथल्या काटेकोर देखरेखीत वाढलेल्या घोड्याला आता परदेशी स्पर्धेसाठी जाण्याची वाट मोकळी होऊ शकते. ते आवार लष्कराचे आहे, घोडेही लष्कराचे. त्यांच्यावर मांड टाकून जो कुणी बाहेर पडेल त्याला घोडा विकत घ्यावा लागणार नाही. सभासदाने त्याची नोंद बारगीर अशी केली असती.